कुणाचा कुत्रा, ते विचारायचं नाही

बस डेपोत हरवलेल्या वस्तूंची एक खिडकी असते. त्या खिडकीमागे मावशींची सगळी नोकरी गेली. छत्र्या, डबे, चष्मे, एकदा तर कवळी. जो माणूस वस्तू मागायला येईल त्याला दोनचार आडवेतिडवे प्रश्न विचारायचे, उत्तरं जुळली की वस्तू द्यायची. पिशवी तुमची ना, मग आत काय होतं? बंद तुटलेला होता की धड? निवृत्त झाल्या तरी सवय सुटली नाही. भाजीवाल्याला त्याच्या सासूच्या गुडघ्याबद्दल विचारत, नव्या शेजाऱ्याला जुनं घर का सोडलं ते विचारत. भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा, त्यांना तोंडावर 'चौकशी खिडकी' म्हणायचा आणि त्यांना त्याचा राग येत नसे. माणसाला कळून घ्यावंसं वाटतं, त्यात वाईट काय, असं त्या म्हणायच्या.

लग्न केलं नव्हतं. थोरली बहीण, म्हणजे ताई, नवरा गेल्यावर त्यांच्याकडे राहायला आली होती. दोन खोल्या, तळमजला, पाण्याच्या टाकीजवळ. ताईंना ऐकू कमी येई. कानातलं यंत्र होतं, पण ते त्या स्वतःला सोयीचं असेल तेव्हाच लावत. घरात बरीच वर्षं एक मांजर होतं. ते म्हातारपणाने गेलं, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांकडे मावशी रिकामी टोपली घेऊन बसल्या होत्या आणि डॉक्टर त्यांच्या शेजारी येऊन बसले होते. त्या ओळखीतून पुढचं सगळं घडलं.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी त्यांना बोलावून घेतलं. एक कुत्रा काही दिवस सांभाळाल का, असं विचारलं. जागा आहे, वेळ आहे, हाताला जनावराची सवय आहे. अडचण एकच.

"कोणती?" मावशींनी विचारलं.

"तुम्ही प्रश्न फार विचारता," डॉक्टर म्हणाले.

कुत्रा कुणाचा, हे विचारायचं नाही, ही या कामातली पहिली अट होती. ती समजावून सांगायला डॉक्टर त्यांना सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर घेऊन गेले. तिथे एक लांबट खोली होती, मध्ये दोन टेबलं जोडून ठेवलेली, खिडकीत कुणीतरी कधीच पाणी न घातलेली कुंडी. दर आठवड्याला त्या टेबलाभोवती निरनिराळ्या कचेऱ्यांमधली माणसं बसत. पोलीस ठाण्यातल्या एक महिला अधिकारी, आरोग्य केंद्रातली नर्स, नगरपालिकेच्या घरवाटप खात्यातले एक साहेब, शाळांमध्ये फिरणाऱ्या समुपदेशक बाई, आणि या सगळ्यांना एकत्र बांधून ठेवणाऱ्या समन्वयक मॅडम. मॅडमची संस्था मार खाणाऱ्या बायकांसाठी निवारा चालवत असे.

मॅडमनी मावशींना हे टेबल कशासाठी ते सांगितलं. एका बाईच्या घरात काय चाललंय, त्याचे तुकडे गावभर विखुरलेले असतात. नर्सला हाताचं हाड मोडलेलं दिसतं. शाळेत मूल बाकावर डोकं ठेवून झोपलेलं दिसतं. पोलिसांकडे अर्ध्यात तुटलेला एखादा फोन असतो. भाड्याच्या कागदावर बाईचं नाव अचानक खोडलेलं असतं. ज्याच्या त्याच्या हातात एक तुकडा, आणि तो बघून ज्याला त्याला वाटतं, असेल काहीतरी किरकोळ. म्हणून सगळ्यांनी एका जागी बसायचं.

जनावरांचे डॉक्टर या टेबलावर सगळ्यात उशिरा आले. निवाऱ्यात जागा मिळूनही काही बायका घर सोडत नव्हत्या. का ते कुणाला उमगत नव्हतं. शेवटी एकीने सांगितलं की तिच्यामागे मांजर आहे, आणि नवरा म्हणालाय, तू जा, मग बघ त्याचं काय करतो ते. निवाऱ्यात जनावरं घेता येत नव्हती. मग डॉक्टरांना विचारलं गेलं, आणि डॉक्टरांनी ओळखीतली भरवशाची घरं शोधायला सुरुवात केली.

मावशी हे सगळं कान टवकारून ऐकत होत्या. त्यांच्या डोक्यात प्रश्नांची रांग लागली होती आणि मॅडमना ते दिसत असावं. त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला ठाऊक नसलेली गोष्ट तुमच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. म्हणून आम्ही सांगत नाही. तुमच्यावर विश्वास नाही, असं नाही."

नियम थोडेच होते. कुत्र्याचा फोटो कुणाला पाठवायचा नाही. मागच्या गल्ल्यांमध्येच फिरवायचं, पूल ओलांडायचा नाही. कुणी विचारलं तर भाच्याचा आहे म्हणायचं. त्याचं खरं नाव त्यांना सांगितलं जाणार नाही, हवं ते नाव ठेवा. मावशींनी मान डोलावली.

कुत्रा डॉक्टरांच्या गाडीतून आला. मध्यम उंचीचा, पिवळट, एक कान अर्धा दुमडलेला, तोंडाभोवती पांढरे केस. घरात शिरताच त्याने आधी सगळ्या दारांचा वास घेतला, मग खिडक्यांचा, आणि मग सगळ्यांपासून सारख्या अंतरावर जाऊन बसला. ताई म्हणाल्या, "पाहुण्याला सांग, माझ्या गादीकडे बघायचं नाही." तेव्हापासून तो पाहुणाच झाला.

माणूस कोण ते विचारायचं नाही, पण कुत्र्याकडे बघायला कुणी बंदी केली नव्हती. मावशींनी खिडकीवरची सगळी अक्कल पणाला लावली. पाहुणा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबायचा, आत यायचा नाही. म्हणजे त्याला तशी शिस्त होती, आणि शिस्त लावणारं कुणीतरी होतं. ताईंचा टीव्ही कितीही मोठ्याने चालला तरी तो ढिम्म. पण कपाटाचं दार आपटलं की उठून न्हाणीघरात जायचा आणि तिथल्या कोपऱ्यात बराच वेळ बसायचा. तिथेच का? मावशींना वाटलं, त्याच्या आधीच्या घरात आतून कडी लागणारी ती एकच खोली असेल, आणि त्याला कुणीतरी आपल्यासोबत आत घेऊन बसत असेल. हे मनात आल्यापासून त्या कपाटाचं दार हाताने धरून लावू लागल्या.

दुपारी शाळा सुटायच्या सुमाराला तो दाराशी जाऊन बसे. म्हणजे मूल होतं. मुलगी की मुलगा? मावशींनी शेजारच्या घरातून एक बाहुली आणि एक चेंडू मागून आणला. पाहुण्याने दोन्हींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मात्र बाहुली ज्या कापडी फितीत गुंडाळलेली होती, ती फीत त्याने अलगद तोंडात धरली आणि मावशींसमोर आणून ठेवली, जणू पुढचं त्यांना ठाऊकच आहे. मावशींनी ती स्वतःच्या केसांना बांधून पाहिली. पाहुणा बघत राहिला. ताईंनी विचारलं, वेड लागलं का तुला. मावशी म्हणाल्या, मुलगी आहे, वेणी घालते.

नावाचाही त्यांनी छडा लावायचा प्रयत्न केला. कुत्र्यांना ठेवतात ती सगळी नावं एकेक करून हाका मारून पाहिली. एका दुपारी ताई म्हणाल्या, अगं, तू गावातल्या सगळ्या कुत्र्यांची हजेरी घेतेस की काय. त्यांच्या यंत्रात नेमकं त्याच वेळी सगळं ऐकू येत असे. रोज ताईच पाहुण्याला पोळीचा तुकडा देत, आणि मावशींनी पाहिलं की तोंड फिरवून, मी दिलाच नाही, असा चेहरा करत.

फिरायला नेताना एक गोष्ट मावशींच्या डोक्यात घर करून बसली. गल्लीच्या टोकाला आलं की पाहुणा डावीकडे, पुलाच्या दिशेला ओढ घ्यायचा. त्या त्याला मागे वळवत आणि तो निमूट वळे. पण रोज ओढायचा मात्र. तिकडे काय होतं? एका सकाळी मावशींनी मनाशी म्हटलं, पुलाच्या तोंडापर्यंत जाऊन बघू, ओलांडायचा नाही. तोंडाशी गेल्यावर वाटलं, अर्ध्यापर्यंत. आणि मग पट्टा सैल सोडून त्या त्याच्यामागून चालतच राहिल्या.

पाहुणा वाट जाणत होता. पुलावरून उतरून भाजीबाजार, तिथून सायकलच्या दुकानाला वळसा, आणि एका औषधांच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन ऐटीत बसला. आतून दुकानदार बिस्किट घेऊनच बाहेर आला. कुठे होतास रे इतके दिवस, असं त्याने कुत्र्याला विचारलं, आणि मग मावशींकडे पाहिलं. मावशींनी भाच्याचा कुत्रा म्हणून सांगितलं. दुकानदाराला ते पटलं नाही, पण माणूस गोड होता. याचे मालक किती शोधतायत याला, म्हणाला. बिचारे रोज विचारून जातात. त्यांची बायको इथूनच औषधं न्यायची, मलमं, गुडघ्याला बांधायच्या पट्ट्या, सारखी पडायची म्हणे. तुम्ही कुठल्या भागातल्या?

आणि मावशींच्या तोंडून निघून गेलं, "पलीकडच्या, पाण्याच्या टाकीजवळ."

बोलून झाल्यावर त्यांनी जीभ चावली. परत येताना पूल त्यांना येतानाच्या दुप्पट लांब वाटला. मॅडमना फोन करावा, असं घरी पोचेपर्यंत ठरवलं होतं. पोचल्यावर वाटलं, नुसतं टाकीजवळ तर म्हटलं, नाव थोडंच सांगितलं. फोन राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. ताईंनीच उघडलं. दारात चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, चेहरा जागरणाने उतरलेला, हातात कुत्र्याच्या बिस्किटांची पिशवी. त्याने दोन अक्षरी एक नाव घेतलं, आणि मावशींनी घेतलेल्या सगळ्या नावांमध्ये ते नाव नव्हतं. पाहुणा आतल्या खोलीतून धावत आला. मावशींना वाटलं होतं तो न्हाणीघरात पळेल. तो पळाला नाही. तो त्या माणसाच्या पायांशी लोळला, शेपटी अशी हलवली की दाराजवळची चप्पल उडाली, आणि त्याचे हात चाटत सुटला. माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खरं होतं, मावशी नंतरही तसंच सांगत.

तो आत येऊन नम्रपणे बसला. बायकोची मनःस्थिती बरी नाही, म्हणाला. मुलीला घेऊन कुठेतरी गेली आहे, तिच्यावर राग नाही, काळजी आहे. निदान कुत्रा तरी घरी आला तर बरं वाटेल. मावशी खिडकीवरच्या मावशी झाल्या. काही खूण आहे का अंगावर? त्याने मागच्या पायाच्या आतला डाग सांगितला. खातो काय, कशाला घाबरतो, झोपतो कुठे? त्याने सगळं सांगितलं, एकही उत्तर चुकलं नाही. फोनमधले फोटो दाखवले, पिल्लू असल्यापासूनचे. खिडकीवर असत्या तर मावशींनी सही घेऊन कुत्रा केव्हाच हवाली केला असता. त्यांचा हात भिंतीवरच्या पट्ट्याकडे गेलाही. मॅडमचं, टेबलावरच्या माणसांचं काही चुकलं तर नसेल? माणसं चुकतात. आणि हे मुकं जनावर तर सांगतंय.

पट्टा त्यांच्या हातात असताना तो म्हणाला, "मुलगी रोज शाळेतून निघताना रडवेली असते हो. मैत्रिणींना याचेच फोटो दाखवत असते."

मावशी थबकल्या. पहिला प्रश्न जिभेवर आलाच होता. बायको कुठे गेली ते याला ठाऊक नाही, मग मुलगी शाळेतून रडत निघते ते याला कसं ठाऊक? सगळ्या आयुष्यात त्यांनी इतका चांगला प्रश्न गिळला नव्हता. तो त्यांनी गिळला. पट्टा परत खुंटीला अडकवला आणि म्हणाल्या, कुत्रा भाच्याच्या मित्राने ठेवायला दिलाय, त्याला विचारल्याशिवाय मला देता येणार नाही, उद्या या.

तो हसला. आवाज तसाच मऊ राहिला. त्याने खोलीभर नजर फिरवली, मागच्या दाराकडे पाहिलं, आणि विचारलं, "तुम्ही दोघीच राहता ना इथे?"

 तेवढ्यात ताई, ज्यांच्या कानात यंत्रही नव्हतं, मोठ्याने म्हणाल्या, "अगं, भाच्याची यायची वेळ झाली. त्याला म्हणावं पोलिसाचा गणवेश दारातच झटक, कालची सगळी धूळ घरात आणलीन."

भाचा पडद्याच्या कापडांचं दुकान चालवत असे. पण ताईंचा चेहरा असा होता की तो फौजदार आहे यावर क्षणभर मावशींचाही विश्वास बसला. माणूस उठला. कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला, बिस्किटांची पिशवी टेबलावर ठेवली आणि उद्या येतो म्हणून गेला. मावशींनी दोन्ही दारांना कड्या घातल्या. मग ताईंना विचारलं, तुला काय ऐकू आलं? ताई म्हणाल्या, काही नाही. तो सगळा वेळ दारांकडे बघत होता, कुत्र्याकडे नव्हे.

मावशींनी मॅडमना फोन केला आणि काहीही न लपवता सांगितलं, पूल, औषधांचं दुकान, टाकी, सगळं. मॅडम एवढंच म्हणाल्या, बाहेर पडू नका. थोड्याच वेळात महिला पोलीस अधिकारी साध्या कपड्यांत आल्या, मागोमाग डॉक्टर गाडी घेऊन. पाहुणा दवाखान्यात गेला आणि दोघी बहिणी भाच्याकडे. भाच्याला आपण पोलीस झाल्याचं जेवताना कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींना त्या लांबट खोलीत बोलावलं. घाईने बोलावलेली बैठक होती, सगळे आले होते. मावशींना वाटलं होतं आता आपली खरडपट्टी निघणार. त्या उभ्यानेच म्हणाल्या की चूक माझी, नियम मी मोडला. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. नियमाबद्दल नंतर बोलू, म्हणाल्या, आधी तो काय बोलला ते शब्दशः सांगा.

एवढं मावशींना जमण्यासारखं होतं. त्यांनी पहिल्या शब्दापासून सांगितलं, तो कुठे थांबला, कुठे खोकला, तेसुद्धा. शाळेचं वाक्य आलं तेव्हा समुपदेशक बाईंनी हात वर केला.

"शाळेतून निघताना? असंच म्हणाला?"

"असंच."

समुपदेशक बाईंनी पेन खाली ठेवलं. मुलीची शाळा बदललेली होती. नवी शाळा कोणती, हे या टेबलाबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. घरवाटपवाल्या साहेबांनी समुपदेशक बाईंकडे पाहिलं, त्यांनी नर्सकडे. नर्सने आपल्या हातांकडे. मावशींना ते फार विचित्र वाटलं. आदल्या क्षणापर्यंत जी माणसं एकमेकांची वाक्यं पुरी करत होती, ती आता एकमेकांकडे चोरून बघत होती. महिला अधिकाऱ्यांनी कोरड्या आवाजात विचारलं, कुणी घरी, कुणाजवळ, चुकून काही बोललंय का. प्रत्येकाने नाही म्हटलं, आणि साहेबांचा चेहरा लाल झाला, कारण त्यांच्या कचेरीतून कागद बाहेर जातात अशी कुजबुज पूर्वी एकदा झाली होती.

मॅडम म्हणाल्या, आपण एकमेकांवर संशय घेत बसलो तर तो आज जिंकलाच. दुसरी वाट असू शकते. शोधू.

मग ते शोधत बसले आणि मावशी थक्क होऊन ऐकत राहिल्या. हे त्यांचंच काम होतं, फक्त इथे एका माणसाऐवजी सगळे मिळून चौकशी करत होते. माय-लेकी कोणत्या वाटेने शाळेत जातात? रिक्षा कुणाची? दप्तर नवं की जुनं? शेवटी नर्सने विचारलं, मैत्रिणींना फोटो दाखवते, ते कशावर? समुपदेशक बाईंनी आईला फोन लावला. मुलीकडे एक जुना टॅबलेट होता. निघताना कपड्यांच्या आत लपवून तिने तो आणला होता, कुत्र्याच्या फोटोंसाठी. त्यावरचं खातं बापाने उघडून दिलेलं होतं. टॅबलेट शाळेच्या वाय-फायला जोडला गेला की मुलगी कुठे आहे, कुठला फोटो उघडते, हे त्याला आपल्या फोनवर घरबसल्या दिसत होतं. शाळा कळल्यावर तो सुटायच्या वेळी लांबून बघत असणार. आईला हे ठाऊक नव्हतं, मुलीला तर नव्हतंच.

साहेबांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. समुपदेशक बाई त्यांना हळूच सॉरी म्हणाल्या. साहेब म्हणाले, मीही तुमच्याकडेच बघत होतो.

त्या माणसाने बायकोच्या नि मुलीच्या आसपास फिरकू नये असा कोर्टाचा हुकूम आधीच होता. आतापर्यंत तो मोडल्याचं दाखवता येत नव्हतं. त्या दुपारी मुलीला शाळेच्या मागच्या फाटकाने आधीच बाहेर काढलं गेलं, आणि टॅबलेट मात्र तसाच चालू स्थितीत शाळेच्या कपाटात राहिला. शाळा सुटायच्या वेळी समोरच्या झाडाखाली तो गाडीत बसलेला सापडला. मागच्या सीटवर मुलीच्या मापाचं नवं जाकीट होतं आणि एक भरलेली बॅग. महिला अधिकाऱ्यांनी हे मावशींना पुष्कळ नंतर सांगितलं, तेही तेवढंच. कुत्रा कशाला हवा होता ते मावशींनी स्वतःच ओळखलं, तो गाडीत दिसला असता तर मुलगी आपणहून चढली असती.

पाहुणा मात्र मावशींकडे परत आला नाही. पत्ता उघडा पडला होता, त्यामुळे त्याला दुसऱ्या घरी ठेवणं भाग होतं. मॅडमनी ते सरळ सांगितलं आणि मावशींनी सरळ ऐकून घेतलं. एकच गोष्ट त्यांनी डॉक्टरांना विचारली, ती त्यांना गप्प बसू देत नव्हती. त्या माणसाला बघून कुत्रा इतका खूश कसा झाला? डॉक्टर म्हणाले, कुत्र्याच्या बरगडीचं हाड कधीतरी मोडून जुळलेलं आहे, मी एक्स-रे काढलाय. पण तो माणूस त्याला फिरायलाही न्यायचा, खाऊही द्यायचा. कुत्र्याने ते दोन हिशेब वेगळे ठेवलेले नाहीत.

ताई काही दिवस पोळीचा तुकडा मोडून ताटाच्या कडेला ठेवत राहिल्या. विचारलं तर म्हणायच्या, भूक नाही.

बऱ्याच महिन्यांनी मॅडमचा फोन आला. मुलीचा बाप जामिनावर सुटला होता, पण कडक अटींवर, त्याला दुसऱ्या गावीच राहायचं होतं. माय-लेकींना घर मिळालं होतं, साहेबांनी स्वतः धावपळ करून मिळवलेलं, कुत्रा चालेल असं. कुत्र्याला न्यायला त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात येणार होत्या. एरवी अशी भेट होऊ देत नाहीत, पण आईनेच मावशींना भेटायचं म्हटलं होतं. शाळेचं वाक्य कुणी टिपलं ते तिला कळलं होतं.

दोघी बहिणी गेल्या. मावशींनी काय काय विचारायचं ते मनाशी घोळवून ठेवलं होतं. दवाखान्याच्या आतल्या खोलीत एक ठेंगणी, भराभर बोलणारी बाई उभी होती आणि तिच्यामागे वेणीतली मुलगी. पाहुण्याने दोघींना कधीच आडवं पाडलं होतं आणि डॉक्टरांच्या औषधांचा एक ट्रे जमिनीवर होता. मावशी तोंड उघडणार, तेवढ्यात बाईनेच विचारायला सुरुवात केली. तुमच्याकडे झोपायचा कुठे? कपाट आपटलं की काय करायचा? जेवायचा का पहिले दिवस? मुलीने विचारलं, माझी आठवण काढायचा का. मावशींनी फितीची गोष्ट सांगितली. मुलगी लाजली, आणि ताईंनी पिशवीतून पोळी काढून तिच्या हातात दिली, म्हणाल्या, त्याला दे, माझं नाव सांगू नकोस.

मुलगी कुत्र्याला घेऊन बाहेर गेल्यावर बाईचा आवाज उतरला. तिने विचारलं, "तो दारात आला तेव्हा याने शेपटी हलवली का?"

 खोटं बोलणं सोपं होतं. पण समोरची बाई उत्तर ठाऊक असल्यासारखी बघत होती.

"हलवली," मावशी म्हणाल्या. "खूप हलवली."

बाईने मान डोलावली. "मलाही तो घरी आला की कितीतरी वर्षं बरंच वाटायचं," ती म्हणाली. "हे कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, मग निघालीस कशाला. तुम्ही तसं नाही म्हणालात."

 मावशींनी तिचा हात हातात घेतला आणि तिला बाकावर आपल्या शेजारी बसवलं. घोळवून ठेवलेले सगळे प्रश्न कुठे गेले ते मावशींना आठवलंही नाही.

मॅडमची गाडी दारात आली होती. कुत्रा आधी चढला, मग मुलगी, मग आई. निरोप घेऊन मावशी लगेच वळल्या, आत आल्या आणि जमिनीवरच्या औषधाच्या बाटल्या उचलायला लागल्या. ताई खिडकीशी उभ्या होत्या. बाहेर गाडी सुरू झाली.

"अगं, ती बघ, गाडी चौकातून..." ताईंनी सुरुवात केली.

"सांगू नकोस," मावशी म्हणाल्या, आणि पुढची बाटली उचलून तिच्यावरचं नाव वाचायला लागल्या.